डेटाची किंमत किती टाकू?

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. लॅबमध्ये ३४ मशीन, ऑफिसात एक सर्व्हर, दोन प्रोजेक्टर आणि शिक्षकांना घरी न्यायला दिलेले ९ लॅपटॉप. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मशीनची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत दोन वर्षांच्या मार्कलिस्ट आणि फीचा हिशोब गेला. मीटिंग झाली. कमिटीतले एक जण म्हणाले, इमारतीचा विमा आहे की, त्यातून भरून घ्या. दुसरे म्हणाले वेगळी पॉलिसी काढा. शेवटी विम्यासाठी सामानाची यादी करायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. त्या यादीत 'डेटा' अशी एक ओळ आहे, तिच्यापुढे रकमेचा रकाना आहे आणि तो त्यांनी तीन आठवडे मोकळाच ठेवलाय. शिवाय एका कागदावर त्यांची सही मागितलीये, की यापुढे लॅबच्या सामानाचं किंवा डेटाचं काही नुकसान झालं तर जबाबदारी लॅब इनचार्जची राहील. त्या विचारतात, "पॉलिसी चांगली मोठी काढली तर मी सुटेन ना? आणि डेटा तर अमूल्य आहे, मग रक्कम काय टाकू?" ता.क. मध्ये विचारलंय, माऊस आणि हेडफोन पण यादीत घालायचे का.

ताई,

आधी ती गेलेली हार्ड डिस्क. ती भंगारात गेली नसेल तर कपाटात कुलूप लावून ठेवा आणि कृपा करून कुणालाही "जरा लावून बघू" करू देऊ नका. आतून टकटक आवाज येत असेल तर दर वेळी चालू केली की आतल्या तबकडीवर अजून ओरखडे पडू शकतात, आणि चार हुशार लोकांनी चार सॉफ्टवेअर मारून झाल्यावर रिकव्हरीवाल्याकडे नेली की तोही हात वर करतो. दुसरं म्हणजे कागद आणि फोन पालथे घाला. मार्कलिस्टच्या प्रिंट वर्गशिक्षकांच्या कपाटात निघतात, कुणीतरी कधीतरी फाईल मेलने पाठवलेली असते, कुणाच्या फोनमध्ये स्क्रीनचा वाकडातिकडा का होईना फोटो असतो. या नुकसानीच्या विम्याचं मात्र विसरून जा, जे घडून गेलंय त्याच्यासाठी आता पॉलिसी निघत नाही, कमिटीतल्या त्या गृहस्थांना हे स्पष्ट सांगा म्हणजे ती आशा तरी एकदाची संपेल.

आता तुमचा रकाना. मी बरीच वर्षं विम्याच्या क्लेमचे सर्व्हे करत, म्हणजे झालेलं नुकसान तपासत फिरलोय आणि त्या रकान्यात 'अमूल्य' लिहिलेला फॉर्म मी खरोखर पाहिलाय, दोनदा. फॉर्म घेणाऱ्याने काय केलं असेल? आकडा नाही म्हणून ती ओळच सोडून दिली, आणि पॉलिसी छापून आली तेव्हा डेटाचा सेक्शन त्यात नव्हताच. शाळेत कुणी पॉलिसी उघडून वाचली नाही. त्यामुळे भावना पोचल्या, पण तिथे आकडा लिहायचा आहे. तो कसा काढायचा ते सांगतो, पण त्याआधी तुमच्या प्रश्नातला "मी सुटेन ना" हा भाग मला जरा जास्त खटकला, कारण तुम्ही विमा आणि तुमच्यावर येणारा ठपका या दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्यात, आणि त्या एकमेकींच्या नाहीतच.

पॉलिसी शाळेच्या नावावर निघणार. नुकसान झालं तर पैसे शाळेला मिळणार. तुम्ही त्या पॉलिसीत कुठेच नाही आहात. उलट विम्यात सब्रोगेशन नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे विमा कंपनी शाळेला भरपाई देते आणि मग शाळेच्या जागी उभी राहून, ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसुली करू शकते. कर्मचाऱ्यांच्या मागे सहसा कुणी लागत नाही, काही पॉलिसीत तर तसं लिहूनच दिलेलं असतं, पण तुम्ही स्वतःच्या सहीने "नुकसानीची जबाबदारी माझी" असं लिहून दिल्यावर त्या कागदाचा अर्थ कोण कसा लावेल ते तुमच्या हातात राहत नाही. म्हणून पॉलिसी कितीही मोठी काढा, तो कागद तसाच सही केलात तर तुम्ही सुटत नाही. कागदाकडे शेवटी परत येतो.

इमारतीचा विमा. तो बहुतेक आग, वीज पडणं, पूर, वादळ असल्या गोष्टींचा असतो, आणि त्यात 'इमारत' एवढंच लिहिलंय की 'इमारत व आतील सामान' असं लिहिलंय ते आधी बघा, कारण नुसती इमारत असेल तर भिंती आणि छप्पर मिळेल, कॉम्प्युटर नाही. सामान धरलेलं असलं तरी मदरबोर्ड जळणं, व्होल्टेज वरखाली होऊन एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) उडणं, मुलाच्या हातून लॅपटॉप पडणं, ही जी लॅबमधली रोजची दुखणी आहेत ती त्यात सहसा येत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंटची वेगळी पॉलिसी असते. बऱ्याच देशांत तिची रचना साधारण सारखीच आहे, तीन सेक्शन असतात. पहिला मशीनच्या नुकसानीचा, दुसरा डेटा ज्याच्यावर ठेवलाय त्या माध्यमाचा आणि त्यावरची माहिती परत तयार करण्याच्या खर्चाचा, तिसरा म्हणजे मशीन दुरुस्त होईपर्यंत भाड्याने दुसरी आणावी लागली तर त्या जादा खर्चाचा. लोक पहिला घेतात, प्रीमियम वाचवायला दुसरा आणि तिसरा खोडतात आणि नंतर म्हणतात पॉलिसी होती तरी काही मिळालं नाही.

पहिल्या सेक्शनमधल्या रकमेबद्दल तुम्ही पत्रात लिहिलंय की हेडसर म्हणाले, बिलावरची किंमत टाका, किंवा अकाउंटच्या पुस्तकात घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट लावून जी राहिलीये ती टाका. दोन्ही नको. पुस्तकात सहा वर्षांचं मशीन कवडीमोल झालेलं असतं, पण ते जळलं तर दुकानदार तुम्हाला कवडीमोलात नवीन देणार नाही. विमा रक्कम म्हणजे आज त्याच क्षमतेचं नवीन मशीन आणून, बसवून, चालू करायला जितके लागतील तितके, वाहतूक आणि कर धरून. इथे कमी आकडा टाकला की अंडर इन्शुरन्स लागतो, आणि लोकांना वाटतं की तो फक्त सगळं जळालं तरच लागतो. तसं नाही हो. समजा सगळ्या सामानाची आजची किंमत १०० आहे आणि तुम्ही विमा ६० चाच काढला, आणि जळलं फक्त एक मशीन, तरी त्या एका मशीनच्या नुकसानीतले पण शंभरातले साठच मिळतात. राहिलेल्या चाळीस टक्क्यांची रिस्क तुम्ही स्वतःवर घेतली होती असं धरतात. वर एक्सेस असतो, म्हणजे दर क्लेममध्ये सुरुवातीची ठराविक रक्कम तुमची तुम्ही सोसायची.

आणि यातला सगळ्यात चीड आणणारा भाग, तो कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. विमा रक्कम नव्याच्या किमतीची टाकायला लावतात, पण मशीन पूर्ण गेलं तर बऱ्याच पॉलिसी त्याच्या वयाप्रमाणे घसारा कापून देतात. दुरुस्ती होण्यासारखं असेल तर सुट्या भागांना सहसा घसारा लावत नाहीत, काही ठराविक आयुष्याचे भाग सोडून. ऐकायला अन्याय वाटतो, पण निदान आधी माहीत असेल तर "पूर्ण नुकसानीत नव्याच्या किमतीने भरपाई" असा पर्याय मिळतो का ते विचारता येतं, आणि सहा-सात वर्षं झालेली मशीन विम्यात ठेवायचीच का हेही ठरवता येतं. माझं मत विचाराल तर मी ती बाहेर काढीन आणि वाचलेला प्रीमियम दुसऱ्या सेक्शनला लावीन. शिवाय झीज, वयोमानाने बंद पडणं, ओरखडे, कंपनीच्या वॉरंटीत किंवा एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) जे येतं ते, हे काही मिळत नाही. तुमची डिस्क पाच वर्षं चालून आपल्या मरणाने गेली, म्हणजे आज पॉलिसी असती तरी सर्व्हेअरने पहिला प्रश्न हाच विचारला असता की हा अपघात की म्हातारपण.

यादीबद्दल एक प्रसंग सांगतो. एका शाळेत छपरावरची टाकी रात्रभर वाहिली होती, मी गेलो तेव्हा बाकांवर कीबोर्ड उलटे करून ठेवलेले, एकेका कीबोर्डमधून अजून पाणी ठिबकत होतं आणि एक शिपाई सीपीयूचे डबे उन्हात ओळीने मांडत होता. यादी मागितली तर डेड स्टॉक रजिस्टर आलं, त्यात एकच नोंद, "संगणक, ३० नग". सिरीयल नंबरचे स्टिकर भिजून लगदा झालेले, कुठले मशीन देणगीतले, कुठले विकत घेतलेले, कुठले आधीच बंद पडून कोपऱ्यात टाकलेले, काही पत्ता नाही. मग लॅबच्या बाईंनी मला एक गंमत दाखवली. मुलं जागेवरून भांडतात म्हणून त्यांनी प्रत्येक डब्यावर व्हाईटनरने मोठा आकडा काढून ठेवला होता, आणि कुठल्याशा प्रदर्शनाच्या दिवशी काढलेल्या फोटोत ते सगळे आकडे, मागे चालू असलेल्या स्क्रीनसकट दिसत होते. त्या एका फोटोवर मी २२ मशीन चालू होती असं लिहू शकलो. बाकीच्या आठांचं काही करता आलं नाही, त्यातली पाच खरंच चालू होती असं मला अजून वाटतं.

तर तुमच्या यादीत "३४ नग" नको, ३४ ओळी पाहिजेत. प्रत्येक ओळीत सिरीयल नंबर, कुठे ठेवलंय, कधी आलं, बिल की देणगीपत्र, आणि आजची नवी किंमत. मग वर्गातून सावकाश चालत एक व्हिडिओ काढा, प्रत्येक मशीन चालू करून मागचा स्टिकर दिसेल असा. एक तास जातो. देणगीतल्या मशीनचं बिल नसतं म्हणून लोक ती सोडून देतात, ते चूक आहे, देणगीपत्र असेल आणि रजिस्टरला नोंद असेल तर ती शाळेचीच मालमत्ता आहे. उलट एखाद्या शिक्षकाचा स्वतःचा लॅपटॉप लॅबमध्ये वापरला जात असेल तर तो शाळेच्या पॉलिसीत आपोआप येत नाही. आणि ही यादी शाळेतल्याच मशीनवर सेव्ह करून गप्प बसू नका (हसू नका, असं करणारे खूप भेटलेत).

चोरीबद्दल थोडक्यात. बऱ्याच पॉलिसींना चोरी म्हणजे कुलूप तोडलेलं, खिडकीचे गज वाकवलेले असं काहीतरी दिसावं लागतं. लॅब उघडी असताना रॅमच्या पट्ट्या गायब झाल्या, वर्षाच्या शेवटी मोजणीत दोन मॉनिटर कमी भरले, याला भरपाई सहसा मिळत नाही. तुमच्या ९ लॅपटॉपचं तर वेगळंच, पॉलिसीत 'जागा' म्हणून शाळेचा पत्ता असतो, लॅपटॉप त्या पत्त्याबाहेर गेला की कव्हर संपलं, जोपर्यंत पोर्टेबल इक्विपमेंटचा जादा कलम तुम्ही मागून घेत नाही. ते घेतलंत तरी गाडीत सीटवर ठेवून दहा मिनिटं गेलो आणि काच फोडून नेला, असल्या गोष्टींना अटी असतात. ते ९ जण कोण आणि कोणाकडे कुठला नंबर, हे त्यांच्या सहीनिशी रजिस्टरला आहे का? नसेल तर पॉलिसीआधी ते करा.

आता डेटा. दुसऱ्या सेक्शनचं नाव ऐकून वाटतं की डेटा गेला की पैसे. पण त्याला एक कडी लावलेली असते, की आधी पहिल्या सेक्शनमध्ये बसणारं मशीनचं नुकसान झालं पाहिजे आणि त्यामुळे डेटा गेला पाहिजे. आग लागली, सर्व्हर जळला, त्यावरची माहिती गेली, हे चालतं. क्लार्कने चुकून फोल्डर डिलीट केला, हे चालत नाही. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेलं असतं, चुकीचं प्रोग्रामिंग, चुकीचं पंचिंग, चुकीचं लेबल, नकळत माहिती पुसणं आणि चुंबकामुळे माहिती जाणं, यातलं काही मिळणार नाही. पंचिंग म्हणजे कार्डाला भोकं पाडायच्या काळातला शब्द, तो अजून तिथेच बसलाय, कुणी काढला नाही, कारण विम्याचं वर्डिंग कुणी आवडीने वाचत नाही. पण त्या एका ओळीत शाळांमधली डेटा जाण्याची बरीचशी खरी कारणं एकदम बाहेर पडतात.

आणि जे मिळतं ते माहितीची किंमत म्हणून मिळत नाही, ती परत तयार करायला जो खर्च झाला तो, ठराविक मुदतीत, बिलं दाखवून. म्हणजे तुमच्या रकान्यात 'डेटा किती मोलाचा' हे लिहायचं नाहीये, 'परत भरायला किती तास लागतील' हे लिहायचंय. समजा २० वर्ग, वर्गात ४० मुलं, म्हणजे ८०० मुलं. सहा विषय, वर्षात दोन परीक्षा, म्हणजे एका मुलाचे १२ आकडे, वर्षाचे ९,६००, दोन वर्षांचे १९,२००. एक माणूस कागदावरून बघून, परत तपासून, तासाला २०० आकडे नीट भरतो असं धरा, ९६ तास. रोज सहा तास बसला तर १६ दिवस. त्याचा मेहनताना, डेटा रिकव्हरीवाल्याची फी, नवीन डिस्क, सॉफ्टवेअर परत टाकून देणाऱ्याचे पैसे. फीच्या पावत्या याच्यापेक्षा हळू होतात कारण तारखा जुळवाव्या लागतात. ही बेरीज म्हणजे तुमचा आकडा, आणि अर्ज भरताना हा हिशोबाचा कागद सोबत जोडा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तुमच्याशी वाद कमी घालतो, हे मी स्वतः घालायचो म्हणून सांगतो.

पण बघा, या सगळ्या हिशोबात एक गृहीत धरलंय, की कागद आहेत. जर मार्क थेट कॉम्प्युटरवर भरले आणि कागद कधी ठेवलाच नाही, तर १६ दिवस काय आणि १६०० दिवस काय, बघून भरायला काही नाही. तिथे विमा कंपनी उदार झाली तरी पैसे घेऊन तुम्ही काय टाईप करणार? हे मला तुम्हाला सांगायचंय ताई, तुम्ही रकमेच्या रकान्यात अडकलाय पण त्या यादीत जो रकाना नाहीच आहे तो म्हणजे "याची दुसरी कॉपी कुठे आहे".

कॉपी तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. साधा नियम आहे, जगभर सांगतात आणि जगभर मोडतात. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांची फाईल ठेवायची जी ड्राईव्ह होती तिचा ८५८ टेराबाईट डेटा गेला, कारण आकार फार मोठा म्हणून बाहेर बॅकअपच नव्हता. एवढं सगळं असणारं सरकार. तुमच्या ऑफिसात सर्व्हरच्या टेबलाखाली यूपीएस आहे आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे मी न बघता सांगतो. आणि क्लाऊडवर आहे म्हणजे झालं असंही नाही, मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं तेव्हा काही ग्राहकांचा डेटा आणि त्याचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते.

बॅकअप घेतो म्हणणं सोपं आहे, तो उघडून बघितला का हा खरा प्रश्न. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत, जे लोक दिवसभर दुसऱ्यांचा प्रोग्रामिंगचा कोड सांभाळायचंच काम करतात, एकाने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती, योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने एक कॉपी काढली होती म्हणून निभावलं. मी तर एका शाळेत याच्याहून साधं पाहिलंय. क्लार्क दर शनिवारी न चुकता पेनड्राईव्हवर बॅकअप घ्यायचे, वहीत तारीख आणि सही, तीन वर्षं, इतकी सुंदर वही मी क्वचितच पाहिली. मशीन जळल्यावर पेनड्राईव्ह लावला तर आत डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता, फोल्डर नव्हताच, एक केबीची फाईल आणि तिच्या कोपऱ्यात तो छोटा बाण. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो, ते परत परत वही उघडून दाखवत होते.

म्हणून तुम्ही एवढं करा. महिन्यातून एकदा, दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनवर, बॅकअपमधून एक मार्कलिस्ट आणि एक फीची शीट उघडायची, त्यातल्या एका मुलाचे मार्क कागदाशी ताडायचे, आणि वहीत "घेतला" न लिहिता "उघडला" असं लिहायचं, कोणी उघडला त्याच्या सहीने. आणि एक कॉपी तरी अशी की जी कॉपी झाल्यावर मशीनपासून काढून ठेवलेली असते, सतत जोडलेली नाही.

का, तर रॅन्समवेअर. कुणीतरी मेलमधली फाईल उघडतो आणि सगळ्या फाईली कुलूपबंद होतात, जोडलेला बॅकअपसुद्धा. मशीन तर धडधाकट असतं, म्हणजे इक्विपमेंटच्या पॉलिसीत 'नुकसान' झालेलंच नाही, आणि हल्ली व्हायरस-सायबर वगैरे त्या पॉलिसीतून वेगळं काढूनच टाकलेलं असतं. त्याला सायबर विमा लागतो, तो सगळं परत उभं करण्याचा खर्च, तज्ज्ञांची फी, पालकांना कळवण्याचा खर्च, कुणी दावा लावला तर वकील, असं देतो. पण त्याचा अर्ज म्हणजे प्रश्नपत्रिका असते, आणि तिथे "हो, हो, हो" लिहून मोकळं होऊ नका. २०२२ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने अर्जात लिहिलं की आम्ही लॉगिनला दोन टप्प्यांची तपासणी वापरतो, हल्ला झाल्यावर कळलं की ती फक्त फायरवॉललाच, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहाऱ्यालाच होती, ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी कोर्टात गेली आणि पॉलिसी पहिल्यापासून रद्द झाली. अपडेटचाही प्रश्न असतो. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमच्या ३४ मधली किती त्यावर आहेत ते मोजून खरं ते लिहा. समजा सहा निघाली आणि तसं लिहायची लाज वाटली म्हणून शून्य लिहिलं तर क्लेमच्या दिवशी ते सहा तुमच्यासमोर येऊन बसतात.

मुलांची माहिती बाहेरच्या कुठल्या ॲपवर असेल तर तेही विचारा. पॉवरस्कूल नावाचं शाळांचं मोठं सॉफ्टवेअर आहे, डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या लॉगिनने कुणीतरी आत शिरलं आणि लाखो मुलांची आणि शिक्षकांची माहिती घेऊन गेलं. कंपनीने खंडणी दिली, डेटा पुसला असं सांगितलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये तोच डेटा दाखवून शाळांनाच परत धमक्या यायला लागल्या. पालक त्या कंपनीकडे गेले नसतील सगळे, आधी शाळेच्या दारात आले असतील. तुमच्या ॲपवाल्याशी करार आहे का, त्यात माहिती फुटली तर किती दिवसांत कळवायचं आणि खर्च कोणाचा हे लिहिलंय का, आणि तुमची सायबर पॉलिसी बाहेरच्या कंपनीकडच्या डेटालाही लागू होते का, एवढं ऑफिसला विचारायला लावा. छोट्या शाळेला सायबर विमा परवडेलच असं नाही, नाही परवडला तर निदान लॉगिन, अपडेट आणि ती काढून ठेवलेली कॉपी यावर जोर द्या, तेवढ्याने निम्मी काळजी जाते.

आता तो सहीचा कागद. मी तुमच्या जागी असतो तर "सही करणार नाही" असं म्हणालो नसतो, त्याने भांडण होतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. मी माझा मसुदा लिहून दिला असता. त्यात माझी कामं लिहिली असती, लॅबला कुलूप लावणं, रजिस्टर भरणं, महिन्याला बॅकअप उघडून बघणं, बिघाड झाला की त्याच दिवशी लेखी कळवणं. ही कामं मी केली नाहीत तर मला विचारा. आग, चोरी, पाणी, वीज, मशीनचं वय, ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाकडून झालेली चूक याची जबाबदारी माझी नाही, असं एक वाक्य. आणि त्याखाली शाळेने काय द्यायचं ते, दोन बाहेरच्या डिस्क, दुसऱ्या इमारतीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये त्यातली एक ठेवायची परवानगी, आणि लॅबची दुसरी चावी कोणाकडे आहे त्याची नोंद. चावीचं मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या पत्रात ओझरतं आलंय की संध्याकाळी हॉलच्या कार्यक्रमाला लॅबचा प्रोजेक्टर नेतात, आणि ते नेणारे तुम्हाला विचारून नेत नाहीत. ज्या खोलीची चावी चार जणांकडे आहे तिची पूर्ण जबाबदारी एकीने लिहून देणं मला पटत नाही. ऑफिसातली जी डिस्क गेली ती तर लॅबमध्ये नव्हतीच, तरी तो कागद तुमच्यापुढे आला, हे हेडसरांना शांतपणे एकदा बोलून दाखवा. सब्रोगेशनची गोष्टही सांगा, शाळेने कर्मचाऱ्याकडून असलं काही लिहून घ्यायच्या आधी विमा कंपनीला विचारलेलं बरं. मसुदा मान्य झाला तर एक प्रत तुमच्या घरी ठेवा.

क्लेमची वेळ आलीच तर आवरायची घाई करू नका. पाण्याची गळती किंवा वीज बंद करा, म्हणजे नुकसान वाढणार नाही, पण जळलेलं मशीन टाकून देऊ नका, फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, चोरी असेल तर पोलिसात तक्रार द्या, आणि सर्व्हेअर येईपर्यंत ओले कॉम्प्युटर "चालू होतात का बघू" म्हणून लावू नका. याने किती चांगली मशीन माझ्या डोळ्यांसमोर उडालीत काय सांगू.

आणि हो, तुमचा ता.क. माऊस आणि हेडफोन यादीत एकगठ्ठा घाला, म्हणजे आग-पुरात सगळंच गेलं तर ते मोजले जातील. पण एकेका माऊसचा क्लेम करायच्या भानगडीत पडू नका, एक्सेसची रक्कमच त्याच्यापेक्षा जास्त असते. चार माऊस आणि दोन हेडफोन जास्तीचे आणून तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवा, आणि त्या खणाची चावी मात्र फक्त तुमच्याकडे.